भिंती तपासणाऱ्या नीवेसबाई

तिसऱ्या मजल्यावरच्या नीवेस ब्राम्बातीबाई तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यतींत उतरायच्या, एका शर्यतीत त्यांच्या हातून माणूस मेला, आणि तेव्हापासून त्या नाव बदलून मिलानला लागून असलेल्या आमच्या सेस्तोत लपून राहिल्यात, हे आमच्या इमारतीत पक्कं ठरलेलं होतं. पुरावे भक्कम होते. उजव्या मनगटाला बारा महिने काळा पट्टा. संध्याकाळी मेट्रोतून उतरून येताना चाल अशी, की कुणीतरी पोत्यात घालून बडवून काढलंय. आणि तिसरा पुरावा तर पाल्मिराकाकूंनी स्वतःच्या कानांनी मिळवलेला.

पाल्मिराकाकू म्हणजे खाली दाराशी काचेच्या खोलीत बसतात त्या. टपाल त्यांच्या हातून जातं, जिना त्या पुसतात, आणि कुणाकडे कोण आलं आणि किती वेळाने गेलं हेही त्यांनाच ठाऊक असतं. माझं कुलपं-किल्ल्यांचं दुकान त्याच दाराला लागून. त्यामुळे बातमी गरम असतानाच माझ्यापर्यंत येते, आणि ती गार होऊ न देता पुढे पाठवणं हे माझं काम.

"इवान्या, ऐक," काकू एका संध्याकाळी दुकानात येऊन कुजबुजल्या. "आत्ता लिफ्टपाशी ती फोनवर बोलत होती. म्हणाली, आज चारशे वेळा पडले. म्हणाली, शेवटच्या वळणावर तर भिंतीतून आरपार गेले आणि खाली पडतच राहिले."

"मग?"

"मग काय? बाई मेलेली आहे. भिंतीतून मेलेलीच माणसं जातात."

ही बातमी मात्र पुढे पाठवायच्या आधी मी तपासून घ्यायचं ठरवलं. दुसऱ्याच आठवड्यात नीवेसबाई टपालपेटीची किल्ली करून घ्यायला आल्या. मी विचारलं, "नीवेसबाई, तुम्ही जिवंत आहात ना?"

"सकाळी विचारत जा," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मलाच नक्की सांगता येत नाही."

मग त्यांनी सांगितलं. शर्यत नाही, खून नाही, नावही आईबापांनी ठेवलेलंच. बाई मिलानमधल्या एका कंपनीत कामाला. ही कंपनी टीव्हीला जोडून खेळायचा मोटारसायकल शर्यतीचा गेम बनवते, दरवर्षी एक. आणि नीवेसबाई त्यातल्या भिंती तपासतात.

काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मेलेली शेजारीण त्यांना आवडली असती.

आता भिंती तपासायच्या म्हणजे काय, तर गेममधल्या रस्त्याच्या कडेला भिंती असतात, जाहिरातींचे फलक असतात, पेंढ्याचे गठ्ठे असतात, प्रेक्षकांचे सज्जे असतात. दिसायला सगळं भरीव. पण दोन तुकडे जिथे जुळतात तिथे कधी केसाएवढी फट राहून जाते. मोटारसायकल नेमकी तिथे, नेमक्या कोनातून आदळली की आरपार. पलीकडे काही नाही. जमीन नाही, आकाश नाही, नुसता राखाडी रंग, आणि त्यात मोटारसायकल पडत राहते. गेम विकत घेणाऱ्याला अशी फट सापडली की तो त्याचा व्हिडिओ काढून जगभर दाखवतो, आणि कंपनीचं हसं होतं. म्हणून कुणीतरी आधीच सगळ्या भिंतींवर आदळून बघायचं असतं. ते कुणीतरी म्हणजे नीवेसबाई.

वीतभर भिंत सोडायची नाही. आधी हळू आदळायचं, मग जोरात, मग तिरकं, मग उलटं तोंड करून. फट सापडली की मागे येऊन तिथेच पुन्हा आदळायचं, कारण एकदा झालेलं कुणी मानत नाही. दुसऱ्यांदा तसंच झालं की मग प्रोग्रॅमर मान डोलावतात. ते एक फट बुजवतात, त्यामुळे दुसरीकडे नवी पडते. मग पुन्हा पहिल्या भिंतीपासून सुरुवात. असं एकोणीस वर्षं. कंपनीतली पोरं त्यांना मावशी म्हणतात. काम करून करून मावशींच्या कंट्रोलरवरची बाकी सगळी बटणं घासून गुळगुळीत झालीत, एक ब्रेकचं बटण तेवढं दुकानातून आणल्यासारखं नवं.

हे काम माणसाच्या डोळ्यांत शिरतं. आमच्याकडे रिसोत्तो, म्हणजे लोण्यातला मऊ भात, खायला बसल्या तरी बाईंचं बोट टेबलाच्या सांध्यावरून फिरत असतं. दुसऱ्या मजल्यावरचे बोन्फान्ती गेले तेव्हा चर्चमध्ये सगळे शवपेटीकडे बघत होते, बाई खांब आणि भिंत जिथे मिळतात तिथे टक लावून.

मी हळूच विचारलं, "काय बघताय?"

"काही नाही. नीट मिटलेलं आहे."

बोन्फान्तींच्या बायकोला वाटलं, पेटीबद्दल बोलल्या. तिने डोळे पुसून मान हलवली.

तर असं सगळं शांतपणे चाललं असतं, पण मागल्याच्या मागल्या सप्टेंबरात कंपनीने गेम बाजारात गेल्याचा केक कापला. त्यांचा साहेब एदोआर्दो, वयाने बाईंपेक्षा वीस एक वर्षांनी लहान, मनाने वाईट नाही, पण भाषण करायची फार हौस. त्याने मावशींना पुढे बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हे बघा, आपल्या कंपनीतली सगळ्यात जुनी स्वार! एकोणीस वर्षांत एकही फेरी पूर्ण केलेली नाही!"

सगळे पोट धरून हसले. मावशीही हसल्या. केक खाल्ला, बशी धुऊन ठेवली, घरी आल्या.

दोन-तीन दिवसांनी दुकानाच्या दारात उभ्या. "इवानो, मोटारसायकलचं लायसन्स काढायला वयाची अट असते का रे?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

मी हसलो, म्हणजे मला हसूच आवरेना. "अहो, मनगट धड नाही, रविवारी दुपारी जेवता जेवता झोप लागते तुम्हाला. मोटारसायकल घेऊन जाणार कुठे?"

"कुठेही नाही. मला एक वळण घ्यायचंय. आत जायचं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर यायचं. खरं वळण. इतकी वर्षं मी प्रत्येक वळणाच्या मध्यापर्यंतच जाते." मग म्हणाल्या, "ते पलीकडे कसं असतं ते कंपनीतल्या सगळ्या पोरांना माहितीये."

मी त्यांना ओरेस्तेकडे घेऊन गेलो.

कोपऱ्यावर ओरेस्तेचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. अर्ध्या सेस्तोला त्याने गाडी शिकवली, उरलेल्या अर्ध्याने त्याला पांढरे केस दिले. मोटारसायकल शिकवायला तो बंद पडलेल्या फरशीच्या कारखान्याचं आवार वापरतो. मोकळी जागा, नारिंगी कोन, आणि चारी बाजूंनी जुनी विटांची भिंत. शनिवारी दुपारी दुकान बंद करून मीही गेलो, मदतीला. म्हणजे बघायला.

ओरेस्तेने कोन मांडले, बाईंना हेल्मेट घातलं आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हणाला, "बाई, मोटारसायकलवर एकच गोष्ट लक्षात ठेवायची. जिकडे बघाल तिकडे जाल. नजर वळणाच्या शेवटी ठेवा, गाडी आपोआप येते."

"समजलं," नीवेसबाई म्हणाल्या. आणि भिंतीकडे बघितलं.

गाडी भिंतीकडे निघाली. वेग फार नव्हता, मोठी माणसं सायकल शिकतात तेवढा. पण त्या वेगात कुठे चलबिचल नाही, हात थरथरत नाही, ब्रेक नाही. बाई सरळ जाऊन भिंतीवर आदळल्या आणि शांतपणे आडव्या झाल्या.

ओरेस्ते धावला, मी धावलो. तोवर बाई उठल्या, गाडी उचलली, ढकलत मागे नेली, बसल्या, आणि पुन्हा त्याच जागी, त्याच विटेवर जाऊन आदळल्या.

"बाई!" ओरेस्ते किंचाळला. "हे काय करताय?"

बाई जमिनीवरूनच म्हणाल्या, "दोनदा झालं की पक्कं."

असा माणूस त्याने चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. घाबरून ब्रेक दाबणारे पाहिले होते, रडणारे पाहिले होते, एक पाद्री पाहिला होता जो प्रत्येक वळणाआधी हात सोडून छातीवर क्रूसाची खूण करायचा. पण पडल्यावर तसंच पुन्हा पडून खात्री करून घेणारी ही पहिलीच.

पहिली परीक्षा वसंतात झाली. बाईंनी चौथा कोन पाडला. दुसरी उन्हाळ्यात. त्यात तिसराच पाडला, आणि परीक्षकाने पेन उचलायच्या आत मागे येऊन पुन्हा पाडला. ओरेस्ते गाडीत तोंड झाकून बसला होता.

आमच्याकडे शिकाऊ लायसन्सवर मुदतीच्या आत तीनदा परीक्षेला बसता येतं. तिसऱ्यांदा नापास झालात की सगळं पहिल्यापासून, अर्जापासून. मी जिन्यात बाईंची समजूत घालत होतो, "मग पुन्हा काढा, काय बिघडलं? अनुभव तर आहेच गाठीशी."

बाई पायरीवर बसल्या. हेल्मेट मांडीवर. "इवानो, दरवर्षी नवा गेम येतो. तेच ट्रॅक, तीच वळणं, नव्या भिंती. दरवर्षी पहिल्यापासून. मी आता कुठलीच गोष्ट पहिल्यापासून करणार नाही. नोव्हेंबरात जमलं तर जमलं. नाहीतर हे हेल्मेट तुझ्या दुकानात टांग, त्यात खिळे भर."

वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं, आमचं बोलणं ऐकलं आणि हळूच लावून घेतलं. त्या रात्रीपासून अख्ख्या इमारतीला ठाऊक झालं की नोव्हेंबर महत्त्वाचा.

आता मला एक युक्ती सुचली. माझ्याकडे भाच्याने टाकून दिलेला जुना कन्सोल आहे, आणि बाईंच्याच कंपनीचा जुना गेम. म्हटलं, घरी बसून, भाजलेले चेस्टनट खात खात, एक फेरी पूर्ण करा. हाताला सवय होईल. बाई आल्या. मागोमाग पाल्मिराकाकूही आल्या, चेस्टनटसाठी.

बाई खेळायला बसल्या आणि मला त्यांचे हात बघवेनात. पहिल्या वळणावर भिंत. दुसऱ्या वळणावर भिंत. एकदा त्यांनी डोळे बारीक करून, ओठ आवळून, जिवाच्या कराराने रस्ता धरला, आणि सुटकेचा श्वास सोडता सोडता सज्ज्याखालच्या खांबावर गेल्या. खांबाला आदळून मागे आल्या, पुन्हा आदळल्या. मग आपण काय करतोय ते त्यांच्या लक्षात आलं. कंट्रोलर सोफ्यावर ठेवून मनगट चोळत बसल्या. चेस्टनट गार झाले.

"दे इकडे तो रिमोट," पाल्मिराकाकू म्हणाल्या.

"काकू, हे टीव्हीचं नाही."

"दे म्हटलं ना."

काकूंनी कंट्रोलर मांडीवर उताणा धरला, जसं विणकाम धरतात. सुरुवातीला त्यांची मोटारसायकल उभीच. बाकीचे स्वार निघून गेले. मग काकूंना कुठलं तरी बटण सापडलं आणि ती निघाली, इतकी सावकाश की रस्त्याच्या कडेच्या माणसांची तोंडं ओळखू यावीत. एक वळण गेलं. दुसरं गेलं. काकू गुणगुणायला लागल्या. बाकीच्या स्वारांनी शर्यत संपवली, हात वर केले, त्यांचं संगीत वाजलं, आणि काकू अजून येतच होत्या. शेवटी काळा-पांढरा झेंडा हलवणाऱ्या माणसापाशी त्यांनी गाडी आणली, आणि पडद्यावर त्यांची फेरी पूर्ण झाल्याचं आलं. शेवटचा नंबर.

"बाकीचे घरी जाऊन जेवले असतील," मी म्हणालो.

"जेवू देत. मला काय घाई?"

नीवेसबाई पडद्याकडे बघत होत्या. "काकू, तुम्ही भिंती कशा चुकवल्यात?"

"कुठल्या भिंती?"

"दोन्ही बाजूंना होत्या ना. अख्ख्या रस्त्याला."

"असतील," काकू म्हणाल्या. "मी कशाला बघू? भिंती पुसायचा मला पगार नाही."

"मग कुठे बघत होतात?"

"तो झेंडेवाला नाही का, तिकडे. केव्हाचा हात हलवतोय बिचारा. म्हटलं, पोचावं आणि त्याला सोडवावं."

नीवेसबाईंनी एक गार चेस्टनट उचलला. त्याचं टरफल सोलत म्हणाल्या, "काकू, शनिवारी काय करता?"

पुढच्या शनिवारपासून कारखान्याच्या आवारात आमचा झेंडेवाला उभा राहायला लागला. शेवटच्या कोनाच्या पलीकडे, पिवळा रेनकोट घालून, हातात जिना पुसायचं फडकं घेऊन पाल्मिराकाकू. ओरेस्तेने आधी नाक मुरडलं. त्याच्या पुस्तकात फडकं नव्हतं. पण पहिल्याच दुपारी नीवेसबाई दोन कोनांच्या मधून नीट गेल्या आणि त्याने काकूंना बसायला खुर्ची आणून दिली. काकू बसल्या नाहीत.

"इकडे बघ पोरी! इकडे! ती भिंत तुझ्या बापाची नाही! कारखान्याची आहे, कारखाना मेला, तू कशाला मरतेस? हां! ये! ये! पाय पुसून ये!"

नीवेसबाई येत होत्या. दमून, वाकून, ओठ दाबून, पण येत होत्या. कोन पडायचे, मग कमी पडायचे. एका शनिवारी एकही पडला नाही, आणि ओरेस्तेने खिशातून रुमाल काढून उगाचच मिशा पुसल्या.

आणि नेमकं याच सुमारास कंपनीत गडबड झाली. सोमवारी बाई कामाला बसल्या, एका नव्या ट्रॅकवर गाडी सोडली, आणि भानावर आल्या तेव्हा फेरी पूर्ण झाली होती. भिंतीला स्पर्शसुद्धा नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली. एदोआर्दो आतून पळत आला आणि त्याचा चेहरा पडद्याकडे बघून उतरला.

"मावशी, भिंत?"

"राहिली."

"राहिली म्हणजे?"

"दिसली नाही मला."

नोव्हेंबरच्या शेवटी गेम पुरा करून द्यायचा होता आणि मावशींची नजर सरळ झाली होती. एदोआर्दो घाबरला, आणि घाबरायचं कारणही होतं. त्या दिवशी बाई दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि मला सगळं सांगितलं. एदोआर्दोने त्यांना कॉफी पाजली होती. म्हणाला, "मावशी, ती परीक्षा वसंतात द्या ना. तुमच्यासारखं आदळणारं आमच्याकडे दुसरं कुणी नाही."

"तोवर मुदत संपते."

"मग पुन्हा काढा शिकाऊ लायसन्स. त्यात काय?"

"'पुन्हा'," नीवेसबाई मला म्हणाल्या. "इतक्या सहज म्हणाला रे तो. कॉफीत साखर घालता घालता."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, परीक्षेच्या दिवशी सकाळी येणार नाही. दुपारी येईन. राहिलेल्या भिंती तेव्हा करीन."

म्हणजे आठवडाभर भिंती आणि शनिवारी काकू. बाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. एकदा तर लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबली आणि दार उघडं राहिलं. बघतो तर बाई आत उभ्या, कपाळ आरशाला टेकवून. मी हात धरून घरापर्यंत सोडलं. "आज कुठे बघायचं होतं तेच विसरले," म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. परीक्षक एक उंच बाई होती, गळ्यात मफलर, हातात कागद लावलेली पाटी, थंडीने नाक लाल. तिने आवार बघितलं, कोन बघितले, मग तारेच्या कुंपणापलीकडे बघितलं.

"ती पिवळ्या रेनकोटातली कोण?"

"इमारतीतल्या काकू," ओरेस्ते म्हणाला. "फिरायला आल्यात."

"फडकं घेऊन?"

"सवय असते."

परीक्षकबाई कुंपणापाशी गेली. "सिन्योरा, उभ्या राहा, हरकत नाही. पण एक अक्षर बोलायचं नाही. खुणा करायच्या नाहीत."

"मी काय बोलणार?" काकू म्हणाल्या. "मला गाडी चालवता येत नाही."

नीवेसबाई निघाल्या. पहिला कोन गेला. दुसरा गेला. मी कुंपणाची तार इतकी घट्ट धरली होती की तळहातावर चौकटी उमटल्या. तिसऱ्या कोनापाशी आल्या आणि मला दिसलं, की रात्रीच्या पावसाने तिथल्या भिंतीच्या विटांमधला चुना गळून पडला होता. ताजी, ओली, हातभर लांब फट. नीवेसबाईंचं हेल्मेट हळूच तिकडे वळायला लागलं. मोटारसायकलही वळायला लागली. ओरेस्तेने डोळे मिटले. मीही मिटणार होतो.

आमच्या काकू ओल्या फरशीवर कुणी पाय ठेवला की घसा खाकरतात. ते खाकरणं आमच्या इमारतीत राहणारा प्रत्येक माणूस ओळखतो. ऐकलं की आपण जिथे असू तिथे एका पायावर थांबतो आणि काकूंकडे बघतो. काकू तशाच खाकरल्या. माझा पाय आपोआप उचलला गेला. नीवेसबाईंचं हेल्मेट झटक्यात काकूंकडे फिरलं, आणि त्याच्यामागून मोटारसायकल, तिसऱ्या कोनाला वळसा घालून, चौथ्याला, पाचव्याला, शेवटापर्यंत.

परीक्षकबाई गरकन वळली. "हे काय होतं?"

"थंडी," काकू म्हणाल्या.

परीक्षकबाईने काकूंकडे पाहिलं, स्वतःचं नाक पुसलं, आणि पाटीवर काहीतरी लिहिलं. मग खऱ्या रस्त्यावरची फेरी. पुढे नीवेसबाई, मागे गाडीत ओरेस्ते आणि परीक्षकबाई. मी आणि काकू फाटकापाशी उभे. तिकडे काकू नव्हत्या. तिकडे बाईंना एकटीलाच बघायचं होतं.

पुढचं ओरेस्तेने सांगितलेलं. बेकरीच्या कोपऱ्यावर उजवीकडे मोठं वळण आहे, दोन्ही बाजूंना घरांच्या उंच भिंती. बाई आत शिरल्या. मधोमध आल्या. ओरेस्ते म्हणतो, तो मनातल्या मनात खाकरला. बाई वळणातून बाहेर आल्या, आणि समोर कचऱ्याची गाडी आडवी उभी.

"मी म्हटलं, संपलं," ओरेस्ते सांगत होता. "इतकी वर्षं ही बाई अशा वेळी काय करते मला माहितीये. हिला ब्रेक कुठे असतो तेच ठाऊक नाही. आणि इवानो, तेवढ्यात तो लाल दिवा लागला. मागचा. ब्रेकचा. इतका छान लागला म्हणून सांगू."

कचऱ्याची गाडी हलेपर्यंत बाई पाय टेकून उभ्या होत्या. मग निघाल्या. पास झाल्या.

आम्ही बाटली आणली होती, पण उघडायला जमलं नाही. नीवेसबाई आल्या, काकूंच्या काचेच्या खोलीतल्या स्टुलावर बसल्या, हेल्मेट मांडीवर घेतलं, आणि तिथेच झोपल्या. काकूंनी टपाल त्यांच्या पायांवरून वाटलं. दुपारी एकला उठल्या, तोंड धुतलं, मेट्रो पकडून राहिलेल्या भिंती करायला कामावर गेल्या.

मोटारसायकल त्यांनी घेतली नाही. मी पुष्कळ छेडलं. दुकानासमोर गाडी लावायला जागा राखून ठेवलीये, म्हणायचो. त्या म्हणायच्या, त्या जागेत तू खुर्ची टाक आणि बस. लायसन्स कपाटात, मनगटाला पट्टा तसाच, संध्याकाळची चाल तशीच. एक फरक होता. ख्रिसमसच्या आधी आमच्याकडे रिसोत्तो खाल्ला तेव्हा बोट टेबलावर फिरलं नाही. बशीकडे बघून जेवल्या आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला.

त्याच सुमाराची एक संध्याकाळ. आम्ही तिघं काकूंच्या खोलीत कॉफी पीत होतो. बाईंचा फोन वाजला. मनगट दुखत होतं म्हणून त्यांनी तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला. एदोआर्दो होता. आवाज रडवेला.

"मावशी, फट निघाली. कुणीतरी व्हिडिओ टाकलाय. शेवटच्या वळणाच्या बाहेरची भिंत. गाडी आरपार जाते आणि पडतच राहते. लोक हसतायत, मावशी. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

"शेवटचं वळण," नीवेसबाई म्हणाल्या. "ते मी परीक्षेच्या दिवशी दुपारी केलं."

"हो ना! मग एवढी मोठी फट तुमच्या नजरेतून सुटली कशी?"

काकूंनी कप खाली ठेवला. मीही ठेवला. नीवेसबाईंनी कॉफीचा शेवटचा घोट घेतला आणि फोनकडे तोंड नेऊन म्हणाल्या,

"त्या दिवशी मी रस्त्याकडे बघत होते."